सर म्हणतात, चालतंय ते मोडू नकोस

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर फर्ममध्ये काम करणाऱ्या २६ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. फर्ममध्ये मालक असलेले सर, हा आणि फोनवर सपोर्ट देणारी एक मुलगी, एवढीच माणसं. दूध संस्थांचं संकलन आणि बिल करणारं ॲप सरांनी २०१० मध्ये साध्या पीएचपीत (वेब ॲप लिहायची एक भाषा), कुठलंही फ्रेमवर्क, म्हणजे ॲपचा तयार सांगाडा, न घेता लिहिलं. आज पन्नासेक संस्था ते वापरतात. बिलाची मुख्य फाइल चार हजार ओळींची आहे. तिच्यात एके ठिकाणी ‘संस्था क्रमांक १७ असेल तर’ अशी अट आहे आणि तिच्या डोक्यावर ‘हे काढू नये’ एवढीच टीप. आता होस्टिंग कंपनीने कळवलंय की पीएचपी ५.६ ही जुनी आवृत्ती बंद होणार. हीच वेळ साधून सगळं ॲप लारावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये न्यावं, असं याला वाटतं. दोन रात्री जागून त्याने लॅपटॉपवर लारावेल बसवलं आणि जुना डेटाबेस जोडला. तेव्हा सभासदांची मराठी नावं भलत्याच अक्षरांत दिसली, जुना फॉर्म भरला की ‘४१९ पेज एक्स्पायर्ड’ यायला लागलं आणि जुन्या पानावर केलेलं लॉगिन नव्या पानावर टिकेना. सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, ‘चालतंय ना? मग मोडू नकोस.’ पत्राच्या शेवटी तो विचारतो, ‘ताई, सर नव्याला घाबरतात. मी घरी गुपचूप सगळं नव्याने लिहून त्यांच्यापुढे ठेवू, जुन्यातच लारावेल घुसवू, की सरळ पुण्यात नोकरी बघू? मित्र सगळे लारावेलवर आहेत आणि मी अजून २०१० मध्येच.’

प्रिय मित्रा,

तू ताई म्हणून हाक मारलीस, म्हणून मीही तुला ‘तू’च म्हणते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा ते लारावेलबद्दल वाटलं. तिसऱ्यांदा लक्षात आलं की तुझ्या मनात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. होस्टिंगवाल्यांची मुदत, चार हजार ओळींची ती फाइल आणि मित्रांच्या मागे पडल्याची टोचणी. तिन्ही खऱ्या आहेत. पण लारावेल आणलं की तिन्ही एकदम सुटतील असं तू धरून चालला आहेस, तिथे मला तुला जरा थांबवायचंय.

मुदतीपासून सुरू करू, कारण ती आपल्यासाठी थांबणार नाही. पीएचपी ५.६ च्या सुरक्षा-दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०१८ ला संपल्या. तेव्हापासून तुमच्या पन्नास संस्थांचा हिशेब कडी नसलेल्या घरात आहे. होस्टिंग कंपनी घाई करते आहे यात तिचं काही चुकत नाही. मात्र पीएचपी बदलणं हे एक काम आहे आणि फ्रेमवर्क आणणं हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी केलीस आणि एखाद्या सभासदाच्या बिलात दोन रुपयांचा फरक पडला, तर तो कशामुळे पडला हे तुला सांगता येणार नाही. आधी पीएचपी, मग बाकीचं.

२०१० चं ॲप म्हणजे डेटाबेसशी बोलायला त्यात ‘मायएसक्यूएल क्वेरी’च्या घराण्यातली जुनी फंक्शन्स असणार. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ मधून ती काढून टाकली आहेत. त्यांच्या जागी पीडीओ, म्हणजे डेटाबेसशी बोलायची पीएचपीची आजही चालणारी पद्धत, आणायची, हे कंटाळवाणं पण सरळ काम आहे. खरी मेख पीएचपी ८ मध्ये आहे. संकलनाच्या वेळी फॅटची चौकट रिकामी राहिली, तर जुन्या पीएचपीत ती रिकामी स्ट्रिंग (मजकूर) आणि शून्य यांची साध्या दोन बरोबर-चिन्हांनी केलेली तुलना ‘सारखेच’ असं उत्तर द्यायची. २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ पासून तीच तुलना ‘वेगळे’ म्हणते. सरांनी कुठेतरी ‘फॅट शून्य असेल तर ही नोंद बाजूला ठेव’ असं लिहिलं असेल, तर ती अट मुकाट्याने चुकेल. पडद्यावर लाल अक्षरं येणार नाहीत, लॉगमध्येही काही दिसणार नाही. म्हणून आधी ७.४ ची पायरी घे, तिथे एक बिल तपासून बघ आणि मगच ८ वर चढ. ७.४ वर मुक्काम मात्र करू नकोस, तिचाही आधार २०२२ च्या नोव्हेंबरात संपलाय.

‘तपासून बघ’ असं मी सहज लिहून गेले, पण सगळ्या कामाचा पाया तोच आहे. दहा दिवसांचं एक बिल धरलं, तर वर्षाची छत्तीस बिलं होतात. गेल्या वर्षाचा डेटाबेस उचल, त्याची प्रत कर, जुनं ॲप जुन्या पीएचपीवर तुझ्या लॅपटॉपवर चालव आणि प्रत्येक संस्थेच्या प्रत्येक सभासदाची छत्तीस बिलं काढून एका फाइलीत ठेव. लिटर, सरासरी फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, कपाती, हाती आलेली रक्कम, सगळं. त्यात कोणती रक्कम बरोबर आणि कोणती चूक हे सध्या ठरवूच नकोस. जे येतंय ते जसंच्या तसं लिहून ठेव. पुढे पीएचपी बदलली की तीच बिलं पुन्हा काढायची आणि दोन फाइली पैशापैशाने ताडून बघायच्या. फरक शून्य आला तर पुढची पायरी. ही फाइल तयार करायला आठवडा लागला तरी लागू दे. ती नसताना फ्रेमवर्कची एक ओळही त्या ॲपजवळ नेऊ नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

कारण हे माझ्या हातून झालेलं आहे. औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याचं बिलिंग आम्ही जुन्या प्रोग्रॅममधून नव्या फ्रेमवर्कवर नेलं. कोड सुंदर झाला होता, मला त्याचा अभिमान होता. जुना प्रोग्रॅम प्रत्येक ओळीची रक्कम जवळच्या पैशापर्यंत पूर्ण करून मग बेरीज करायचा. मी बेरीज करून शेवटी पूर्ण केली, कारण मला तेच शहाणपणाचं वाटलं. बिलामागे दोन-चार पैसे इकडेतिकडे. महिनाअखेरीस त्यांचे वयस्कर हिशेबनीस लाल कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन आमच्या ऑफिसात आले. काही बोलले नाहीत, फक्त वही उघडून एका आकड्यावर बोट ठेवून बसले. त्यांचा ताळा जुळत नव्हता. तीन दिवस आम्ही बिलं उलगडत बसलो होतो. जुन्या कोडमधल्या रक्कम पूर्ण करणाऱ्या त्या ओळीला मी ‘अनाडीपणा’ म्हणाले होते. ती ओळ त्या वहीशी जुळणारी होती आणि ती वही ॲपच्या आधीपासून होती.

आता तुझी ‘संस्था क्रमांक १७’. तू ती ओळ कोड किती वाईट आहे याचा पुरावा म्हणून लिहिलीस. मला ती वाचताना वाटलं की इथे काहीतरी घडून गेलंय. कदाचित त्या संस्थेत पशुखाद्याची उचल वेगळ्या तारखेला कापतात. कदाचित त्यांनी कधीतरी भांडून आपलं दरपत्रक वेगळं करून घेतलं असेल. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर मांडला, की त्याच्या खाली प्रत्येक पॉइंटला किती कापायचं यावर गावोगाव वाद होतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तू सरांना त्या ओळीबद्दल विचारलंस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. त्या चार हजार ओळींत वाईट रचना आहे, यात शंका नाही. पण त्यांत पन्नास गावांचे रिवाजही आहेत आणि ते दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाहीत. घरी गुपचूप सगळं नव्याने लिहिशील, तेव्हा तू रचना सुधारशील आणि रिवाज विसरशील, कारण ते तुला कुणी सांगितलेलेच नसतील. त्यामुळे तुझा पहिला पर्याय मी सरळ बाजूला ठेवते. मोठमोठ्या कंपन्यांनाही हे झेपलेलं नाही. नेटस्केपने आपला ब्राउझर मुळापासून लिहायला घेतला, त्यात पाचवी आवृत्ती बाहेर आलीच नाही आणि चौथीनंतर थेट सहावी आली ती २००० च्या नोव्हेंबरात. तोवर लोक दुसरीकडे गेले होते. त्यांच्याकडे निदान माणसं आणि पैसा होता. तू रात्री जेवण झाल्यावर एकटा बसणार.

मग लारावेल नकोच का? तसं मी म्हणत नाही. पण त्याचा स्वभाव ओळखून घे. लायब्ररी आणि फ्रेमवर्क यांत मोठा फरक असा, की लायब्ररीला आपला कोड हाक मारतो आणि फ्रेमवर्क आपल्या कोडला हाक मारतं. पीडीएफ बनवणारी लायब्ररी घेतलीस, तर ती कोपऱ्यात बसून सांगशील तेवढं करते. लारावेल आलं, की विनंती आधी त्याच्या दारात जाते, सेशन (कोण लॉगिन आहे याची आठवण) त्याचं, तारीख त्याची, चुका पकडणं त्याचं. तुमच्या ॲपमध्ये हे सगळं सरांनी आधीच आपल्या पद्धतीने केलेलं आहे. त्या दोन रात्री तुला जे दिसलं ती लारावेलची खराबी नव्हती आणि तुझीही चूक नव्हती. एका घरात दोन कारभारी आले, की पहिल्या दिवशी हेच होतं.

नावांचं आधी बघू, कारण तिथे तुझा डेटा खरोखरच धोक्यात आहे. तुला दिसलेल्या अक्षरांत वारंवार डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ‘ए’ आणि त्याच्यापुढे एक बारीक चलनचिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह होतं ना? देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) तीन बाइटचं असतं आणि पहिले दोन बाइट जवळपास नेहमी तेच. ते लॅटिन-१, म्हणजे फक्त रोमन अक्षरांची जुनी पद्धत, म्हणून वाचले की असं दिसतं. मायएसक्यूएल या तुमच्या डेटाबेसमध्ये २०१८ च्या ८ व्या आवृत्तीपर्यंत काही सांगितलं नाही तर टेबल लॅटिन-१ मध्येच बनायचं. तुमचं जुनं ॲप लॅटिन-१ म्हणून जोडतं, यूटीएफ-८ चे बाइट आत ढकलतं आणि तसेच बाहेर काढतं. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात आणि पडद्यावर ‘ज्ञानेश्वर’ नीट उमटतं. लारावेल प्रामाणिकपणे यूटीएफ-८ मागतं, तेव्हा मायएसक्यूएल मध्ये पडून भाषांतर करतो आणि झाकलेलं उघडं पडतं.

घाबरून जाऊन त्या कॉलमचा अक्षरसंच थेट बदलू नकोस. तसं केलंस तर ती भलतीच अक्षरं खरी समजून कायम होतील आणि निस्तरणं फार जड जाईल. तूर्तास लारावेलच्या डेटाबेस-जोडणीत लॅटिन-१ लिही, नावं लगेच नीट दिसतील. पुढे निवांत वेळ काढून, प्रतीवर सराव करून, कॉलम आधी बायनरी (नुसते बाइट) कर आणि मग यूटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) कर. त्याआधी एक तपासणी कर. लॅटिन-१ च्या चाळीस अक्षरांच्या कॉलममध्ये मावतात चाळीस बाइट. ‘ज्ञानेश्वर’ या एकट्या नावात हलन्त आणि काना-मात्रा धरून दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. एक जागा मोकळी सोडली, की वडिलांच्या नावाला उरतात नऊ. तुमच्या यादीत अर्ध्यात तुटलेली नावं असणार आणि काही तर अक्षराच्या मधोमध तुटलेली असणार. बायनरीतून पुढे जाताना मायएसक्यूएल नेमका तिथे अडेल. ती नावं संस्थेच्या सचिवांकडून फोनवर विचारून दुरुस्त करून घ्यावी लागतील. सपोर्टच्या त्या मुलीला आत्ताच सांगून ठेव.

जी चूक तुला दिसली नाही ती याहून मोठी आहे. लारावेल बसवलं की त्याचा टाइमझोन मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि ते तो पूर्ण पीएचपीला लावतं. जुन्या फाइली त्याच्या पोटात घेतल्यास तर त्यांनाही. आता पहाटे पाचचं संकलन केंद्र डोळ्यांपुढे आण. बायका कॅन घेऊन रांगेत आहेत, मशीनवर फॅट लागतंय आणि ॲप पावतीवर कालची तारीख छापतंय. साडेपाच वाजले की तारीख आपोआप बरोबर होते, म्हणून दहा वाजता ऑफिसात बसून तपासणाऱ्या तुला सगळं ठीक दिसतं. संध्याकाळची गंमत वेगळी. ‘बाराच्या आधी असेल तर सकाळ’ अशी साधी अट कुठे असेल, तर संध्याकाळी साडेपाचच्या आत आलेलं दूध सकाळच्या खात्यात पडेल. सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता लिहिलं की हे मिटतं. एका ओळीचं काम आहे. पण ती ओळ विसरलास तर दहा दिवसांच्या बिलात एक अख्खी सकाळ इकडची तिकडे होते आणि बिलाच्या दिवशी संस्थेच्या दारात जे उभे राहतात ते तुझे सर नसतात, गाव असतं.

४१९ चं कारण सोपं आहे. प्रत्येक फॉर्मसोबत एक गुप्त टोकन यावं अशी लारावेलची अट असते, म्हणजे दुसऱ्या कुठल्या साइटवरून कुणी तुमच्या नावाने फॉर्म पाठवू शकत नाही. जुन्या फॉर्मकडे ते टोकन नाही. इंटरनेटवर तुला ही तपासणीच बंद करण्याचा सल्ला मिळेल. तो घेऊ नकोस. लॉगिन टिकत नाही, कारण लारावेल पीएचपीचं मूळ सेशन वापरतच नाही, स्वतःचं ठेवतं. दोन्ही एकाच डोमेनवर, एकाच सर्व्हरवर असतील, तर लारावेलच्या दाराशी एक छोटं मिडलवेअर, म्हणजे प्रत्येक विनंती आधी तपासणारा कोड, लिही. त्याने जुनं सेशन उघडावं, वापरकर्त्याचा क्रमांक वाचावा आणि लगेच बंद करावं. फक्त वाचायचं, लिहायचं नाही. पासवर्ड एमडी-५ या जुन्या, कमकुवत सांकेतिक पद्धतीत असतील, तर माणूस लॉगिन करेल तेव्हा जुन्या पद्धतीने तपासून त्याच क्षणी नव्या, बीक्रिप्ट पद्धतीने साठव. फक्त कॉलमची लांबी आधी बघ. एमडी-५ बत्तीस अक्षरांचा असतो आणि बीक्रिप्ट साठ. कॉलम बत्तीसचाच राहिला तर जुना मायएसक्यूएल उरलेली अक्षरं गुपचूप कापतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाच आत येता येत नाही.

आणखी एक, फार लोकांना माहीत नसलेलं. सरांच्या कोडमध्ये ‘रीडायरेक्ट’ नावाचं फंक्शन आहे का बघ. अशा वयाच्या बहुतेक ॲपमध्ये असतं. लारावेलचंही त्याच नावाचं आहे. सरांची फाइल नंतर आली तर पीएचपी तिथेच थांबते, ते परवडलं. सरांची आधी आली तर लारावेल आपलं फंक्शन बाजूला ठेवून सरांचं वापरतं आणि तू दिवसभर कपाळाला हात लावून बसतोस. अशा टकरी टाळायच्या असतील तर जुना कोड लारावेलच्या पोटात घालूच नये, हे माझं ठाम मत आहे.

म्हणजे उरले दोन रस्ते. पहिला असा, की फ्रेमवर्क आणायचंच नाही. कंपोझर (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) बसवायचं आणि लागतील तेवढीच पॅकेजं घ्यायची. लारावेलचा डेटाबेसचा भाग सुटा वापरता येतो, पीडीएफ आणि एसएमएसची पॅकेजं तर आहेतच. पन्नास संस्था, तीन माणसं आणि वर्षाला दोन-तीन नव्या सोयी एवढाच व्याप असेल, तर हा रस्ता कमी प्रतीचा आहे असं मुळीच समजू नकोस. लारावेलची मोठी आवृत्ती हल्ली दरवर्षी येते, तिला दीड वर्ष दोष-दुरुस्ती आणि दोन वर्षं सुरक्षा-दुरुस्ती मिळते. म्हणजे ते आणलं की दर दोन वर्षांत आवृत्ती चढवण्याचं काम फर्मच्या गळ्यात पडलं. तू पुण्याला गेलास तर ते कोण करणार? सरांच्या मनात हा प्रश्न असेल आणि त्यांनी तो तुला बोलून दाखवला नसेल.

दुसरा रस्ता म्हणजे जुनं आणि नवं शेजारीशेजारी चालवणं. ताडाच्या झाडावर पक्ष्याने टाकलेल्या बीतून वाढलेला वड तू पाहिला असशील. मुळं खाली सोडत तो ताडाभोवती वाढत जातो आणि ताड आत उभाच असतो. मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर-लेखकाने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जंगलात याच कुळातली झाडं पाहिली आणि २००४ मध्ये जुनं सॉफ्टवेअर बदलण्याच्या पद्धतीला त्यांचं नाव दिलं. तुझ्यासाठी त्याचा अर्थ असा, की वेब सर्व्हरलाच सांगायचं, ‘नवा’ या शब्दाने सुरू होणारे पत्ते लारावेलकडे दे, बाकी सगळे जुन्या ॲपकडे. डेटाबेस एकच. वापरणाऱ्याला कळतही नाही. त्यात एकेक पान हलवत जायचं.

कुठलं पान आधी, यावर सगळं अवलंबून आहे. तुझा हात बिलाकडे जाईल, कारण तीच फाइल तुला छळते. बिल सगळ्यात शेवटी. पहिलं पान असं घे, जे डेटाबेसमधून फक्त वाचतं, काही लिहीत नाही. सभासदाचा महिन्याचा दूध-उतारा घे. तो चुकला तर जुनं पान तसंच आहे, वेब सर्व्हरमधली एक ओळ मागे घेतली की झालं. टेबलांची नावं सरांची, प्राथमिक की (नोंद ओळखायचा कॉलम) सरांची, तारखांच्या कॉलमांना लारावेलला हवी ती नावं नाहीत, हे सगळं मॉडेलमध्ये, म्हणजे लारावेलला टेबलाची ओळख करून देणाऱ्या फाइलीत, चार ओळींत सांगता येतं. लारावेलच्या सोयीसाठी टेबलं बदलायची नाहीत, कारण त्याच टेबलांवर जुनं ॲप जगतंय. तारखेच्या जागी नुसती शून्यं असलेल्या जुन्या नोंदी असतील, तर लारावेलची कडक जोडणी त्या लिहू देणार नाही. त्या शोधून यादी कर आणि सरांबरोबर बसून त्यांचं काय करायचं ते ठरव.

सामायिक होस्टिंगवर लारावेलचा सगळा फोल्डर सार्वजनिक जागेत टाकण्याची चूक फार लोक करतात. मग पासवर्ड असलेली ‘डॉट ईएनव्ही’ फाइल ब्राउझरमधून कुणालाही वाचता येते. बाहेर फक्त ‘पब्लिक’ फोल्डर दिसला पाहिजे. होस्टिंगवर ते जमत नसेल, तर होस्टिंग बदल. कंपोझरची लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कोडसोबत जपून ठेव, पॅकेजं जिथे उतरतात त्या ‘व्हेंडर’ फोल्डरमध्ये एक अक्षरही स्वतः बदलू नकोस आणि पॅकेजांतल्या माहीत असलेल्या फटी दाखवणारी कंपोझरची ‘ऑडिट’ ही आज्ञा दर बिलाच्या दिवशी चालवायची सवय लाव. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या साध्या लायब्ररीतली फट बाहेर आली, तेव्हा ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही हेच कित्येक कंपन्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचा कोड घरात घेतला की निदान त्याची यादी आपल्याकडे हवी. लायसन्सची चिंता नको, लारावेल एमआयटी लायसन्सखाली आहे, विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये बिनधास्त वापरता येतं. पॅकेजं घेताना मात्र प्रत्येकाचं बघून घे.

आता सर. ते नव्याला घाबरतात हे तू ठरवून टाकलंस. मला वाटतं ते बिलाच्या दिवसाला घाबरतात, आणि घाबरायलाच हवं. पंधरा वर्षं पन्नास सचिवांचे फोन त्यांनी घेतले आहेत. तू त्यांना लारावेल दाखवलंस तेव्हा पडद्यावर मोडकी नावं होती. त्यांनी दुसरं काय म्हणायचं होतं? पुन्हा जाशील तेव्हा लारावेलचं नाव काढू नकोस. छत्तीस बिलांची ताडून बघितलेली फाइल घेऊन जा आणि सांग, ‘सर, पीएचपी बदलली, एकाही सभासदाच्या रकमेत पैशाचा फरक नाही.’ ज्या माणसाने ते ॲप एकट्याने उभं केलं, त्याला या वाक्याची किंमत कळते. मग एकच परवानगी माग, दूध-उताऱ्याचं पान वेगळं करून बघतो, दोन बिलांचा अवधी द्या. महिने-आठवडे सांगू नकोस, त्यांचं कॅलेंडर बिलांचं आहे. आणि सतरा नंबरबद्दल विचार. मुद्दाम नाही, चहाच्या वेळी. ते जे सांगतील ते त्या ओळीच्या वर, ‘हे काढू नये’च्या खाली, तारखेसह लिहून ठेव. अशा आणखी ओळी सापडतील, त्यांचंही हेच कर. उद्या तू तिथे असशील किंवा नसशील, फर्मकडे तेवढं राहील.

राहिला पुण्याचा प्रश्न. तो विचारायला संकोच करू नकोस. तुला नवं शिकायचंय, चांगला पगार हवाय, यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त स्वतःच्या शिकण्याची भूक पन्नास संस्थांच्या बिलावर भागवू नकोस. लारावेल शिकायला घरी एखादा छोटा, कुणाचं पोट अवलंबून नसलेला प्रकल्प घे, दोन महिन्यांत हात बसेल. आणि मुलाखतीला जाशील तेव्हा एक लक्षात ठेव. नवं कोरं लारावेल ॲप उभं केलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. चालत्या ॲपचं पीएचपी ५.६ वरून ८ वर नेलं, लॅटिन-१ मध्ये अडकलेली नावं एकही न हरवता बाहेर काढली आणि एक बिलही चुकलं नाही, असं सांगणारी फार थोडी भेटली. माझ्यासमोर असं कुणी बसलं, तर मी त्याला लारावेल येतं का हे शेवटी विचारेन.

जायचंच ठरलं तर या फर्मला पीएचपीची मुदत पार करून देऊन जा. अर्ज आजपासून करायला हरकत नाही.

तुझी,
ताई